गाठीतले सात दाणे

कुसामावशींच्या पदराची गाठ आठ महिने सुटली नव्हती, आणि ती माझ्यामुळे बसली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला गेले तर स्वतःची बाजू सावरत बसेन. ती खोड मला आहे.

इंदिरानगरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि माझा नवरा देवव्रत. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये दीपक, त्याची बायको पूजा आणि दीपकची आई कुसाबाई. दीपक कारखान्यात सुपरवायझर, पूजा शाळेत शिकवते. गाव निफाडजवळ. वडील गेल्यावर दीपकने आईला इकडे आणलं, आणि सगळी हयात शेतात काढलेली ती बाई दिवसभर सोफ्याच्या कडेवर टेकून बसायला लागली. परक्याच्या घरी बसावं तशी.

मी विमा कंपनीत कारकून. लिहिण्याचा नाद कॉलेजपासूनचा. पंचवीस वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवल्या आणि पंचवीस वर्षं त्या साभार परत आल्या. पुढे तर तेवढाही शिष्टाचार उरला नाही, मेलला उत्तरच येईना. देवव्रत म्हणायचा, आपल्या घरात टपालखर्चाचा देव वेगळा बसवायला हवा.

अडीच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी मावशींना चणे-गूळ द्यायला खाली गेले. घरात त्या एकट्याच होत्या.

"बस की," त्या म्हणाल्या. "कहाणी येती का तुला?"

न येऊन कसं चालेल? माझं माहेर पंचवटीतलं, वडील घाटावर यात्रेकरूंची कार्यं करायचे, आणि श्रावणात आई आम्हाला हातात अक्षता देऊन कहाण्या सांगायची. हातात दाणे असेपर्यंत उठायचं नाही, कहाणी अर्धी टाकायची नाही, एवढा एकच नियम. मी म्हटलं, शुक्रवारची सांगू की सोमवारची?

"त्या मलाबी ठाव हायेत. नवी सांग." स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डब्यातले गव्हाचे सात दाणे मोजून आणले, मुठीत धरले आणि सुरुवात स्वतःच करून दिली. "एक साळू व्हती. चवदा वर्साची. सांजच्याला म्हस हुडकाया गेली. आता फुडं तू सांग."

मला वाटलं, म्हातारी परीक्षा बघतेय. मी मांडी घातली आणि सांगत सुटले.

दोन वर्षं साळू म्हैस शोधत होती. दर शुक्रवारी साडेपाचला, ऑफिसातून आल्यावर, एक नवं गाव. एका गावात दुपारपर्यंत कोणी बोलत नसे, कारण पहिला बोलेल त्याने सगळ्या गावाचा चहा करायचा. एका गावातल्या सगळ्या पुरुषांचं नाव सहादू, त्यामुळे तिथे कोणी कोणाला हाक मारत नसे, खडा मारत. एकदा साळू कांद्याच्या ट्रॉलीत बसून देवळ्याच्या बाजारात पोचली आणि लिलावात तिचीच बोली लागता लागता राहिली. कुसामावशी तोंडावर पदर धरून हसायच्या. मध्येच माझी चूक काढायच्या. "म्हस हंबरत नाय गं, म्हस रेकती." कधी स्वतःहून भर घालायच्या. साळूच्या डाव्या भुवईवर खोक पडल्याची खूण आहे. साळू डावखुरी आहे. साळूला तिखट लागत नाही. मी मनात म्हणायची, काय कल्पनाशक्ती आहे या बाईची, दोन पुस्तकं वाचली असती तर माझी सुट्टी केली असती.

खरी गंमत सांगू? जिना उतरताना मला काहीही माहीत नसायचं. शेवटच्या पायरीपर्यंत डोकं रिकामं. दार उघडलं, मावशींची मूठ मिटली की गाव समोर यायचं, आणि पुढे काय होणार ते मला त्यांच्याबरोबरच कळायचं. इतकी वर्षं मी लिहीत होते, पण इतकं सुख मला लिहिण्याने कधी दिलं नव्हतं. दर शुक्रवारी वर येऊन मी ती गावं वहीत उतरवायची आणि उतरवताना एकटीच हसायची.

शेवट ठरलेला होता. मी म्हणायचे, "साळूला रातीचा आसरा मिळाला," मावशी म्हणायच्या, "तसा समद्या पोरींना मिळो," आणि सात दाणे खिडकीत चिमण्यांना टाकायच्या.

त्यांची एकच अट होती. "हिरीपाशी नेऊ नको तिला."

एकदा विसरून मी साळूला एका विहिरीच्या कडेला उंबराखाली बसवलं. मावशी उठल्या. मूठ तशीच मिटलेली, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठ करून उभ्या राहिल्या. "तिथून काढ तिला," म्हणाल्या. आवाज इतका कोरडा होता की मी एका वाक्यात साळूला पुढच्या गावात नेऊन टाकलं. वर आल्यावर मात्र वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: विहीर. भीती. जपून ठेवणे. लेखक लोकांचं असंच असतं, दुसऱ्याच्या हातून काही पडलं की आधी आपला हात पुढे.

या वहीची कादंबरी करून मी पुण्याच्या एका प्रकाशनाला पाठवली आणि नेहमीसारखी विसरून गेले.

मागच्या सप्टेंबरातला शुक्रवार. साळू एका गावाच्या वेशीवर पोचली होती. अंधार पडत आलेला, कुत्रं भुंकतंय, तिने एका घराची कडी वाजवली, आणि आतून दार उघडलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याचा नंबर. संपादक संपदाबाई बोलत होत्या, हस्तलिखित आवडलं म्हणत होत्या.

मी उठले. मावशींच्या मुठीत दाणे होते, आणि मी उठले. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून देवव्रतला सांगितलं, तो खाली जाऊन पेढे घेऊन आला, मी माहेरी फोन केला, बहिणीला केला. तासाभराने मावशींना पेढा द्यायला गेले तर त्या होत्या तिथेच बसलेल्या. पेढा घ्यायला हात रिकामा नव्हता.

"दार कुणी उघाडलं?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी सांगते, मावशी. आज माझं चित्त थाऱ्यावर नाही."

त्यांनी मान हलवली, दाणे पदराच्या टोकात ठेवले आणि गाठ मारली.

पुढचा शुक्रवार आलाच नाही. संपदाबाई हुशार होत्या, बोलायला गोड होत्या आणि त्यांचं बरंचसं म्हणणं बरोबर होतं, हेच तर वाईट. त्या म्हणाल्या, "लतिकाताई, भाषा सुंदर आहे, पण ही मुलगी नुसती सुखरूप फिरतेय. वाचकाने का फिरावं तिच्याबरोबर? आणि एक करा, पुस्तक पूर्ण होईपर्यंत ही गोष्ट कुणाला सांगू नका. सांगून टाकली की लिहिण्याची भूक जाते." मला ते पटलं. पंचवीस वर्षांनी कोणीतरी दार उघडलं होतं. त्या बाईंनी डोक्यावर उभं राहा म्हटलं असतं तरी राहिले असते.

मग शुक्रवारी मी उशिरा यायला लागले. मावशी जिन्यात भेटल्या की आज फार काम, उद्या बघू. त्यांनी कधी हट्ट केला नाही. एवढंच विचारायच्या, "साळू अजून दारातच उभी हाय का?" मी हसून वर पळायची.

पूजा एकदा हसत हसत म्हणाली, "ताई, काय गुंडाळलंय हो तुम्ही आमच्या आईंच्या पदरात? साडी बदलली की आधी नव्या पदरात गाठ बांधतात, मग निऱ्या." डिसेंबरात ती हसायची थांबली. "दाणे मोजतात रोज. झोपेतही पदर मुठीत असतो. दारावरची बेल वाजली की दचकून उठून बसतात."

मला वाईट वाटलं. वाटलं आणि मी पुन्हा टेबलाशी जाऊन बसले.

पहिलं गेलं ते न बोलणारं गाव. मग सगळ्या सहादूंचं गेलं. देवळ्याचा बाजार 'गमतीशीर पण अनावश्यक' ठरला. दार उघडलं गेलेलं ते शेवटचं गाव तर मी स्वतःच काढलं, कारण त्याच्या पुढचं मला आठवेना. देवव्रत एका संध्याकाळी म्हणाला, "पूर्वी तू लिहायला बसलीस की आतून हसू यायचं. आता दात खाल्ल्याचा आवाज येतो." मी त्याच्यावर खेकसले. पण तो खोटं बोलला नव्हता. सकाळी टेबल टाळून मी आधी भांडी घासायला घ्यायची.

फेब्रुवारीत संपदाबाईंचा फोन आला. "एक विचारू? एवढ्या पानांत ही मुलगी पाणी प्यायला कुठेच थांबत नाही. शेतातली पोर आणि पुस्तकात एक विहीर नाही. तुम्ही टाळताय काहीतरी."

मी वहीचं मागचं पान उघडलं.

शेवट तीन दिवसांत झाला. उंबर, एका बाजूने ढासळलेल्या पायऱ्या, कठड्यावरच्या दोरीच्या खाचा, हे सगळं गावच्या गप्पांत, विहिरीचं नाव न घेता, मावशींच्याच तोंडून कधी ना कधी निसटलेलं होतं. पहाटे म्हैस आपण होऊन परत येते. विहिरीच्या काठावर एक चप्पल असते. बस्स. हे पान मी नऊ वेळा लिहिलं, इतकं की मला ते झोपेत म्हणता आलं असतं. डोळ्यांत पाणी आलं नाही. जमलंय, एवढंच कळलं. संपदाबाईंनी कळवलं की त्या वाचून बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या.

एप्रिलच्या शेवटी अंतिम प्रुफं आली. सोमवारी होकार द्यायचा होता. त्याआधीच्या शुक्रवारी, पाच वाजता, दीपक वर आला. हा माणूस मोजकं बोलणारा. चपला काढून दारातच उभा राहिला.

"ताई, आई तीन दिवस जेवली नाही. डॉक्टर म्हणतात, काही नाही झालेलं. ती म्हणते, कहाणी अर्धी आहे, घास उतरत नाही. तेवढी पूर्ण कराल का?"

"करते ना. पण दीपक, शेवट आता थोडा बदललाय. त्यांना आवडेलसं नाही."

"काय बदललाय?"

मी सांगितलं नाही. तो टेबलावरच्या प्रुफांकडे बघत होता. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात साळूचं नाव होतं.

"तुम्हाला आई बोलली नसेल," तो म्हणाला. "आमच्यात त्यावर कोणी बोलत नाही. पूजालाही मी लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं. साळू माझी मोठी बहीण."

मी खुर्चीवर बसले.

एक्याण्णवचा श्रावण. दीपक तेव्हा आठ वर्षांचा. साळू संध्याकाळी म्हैस शोधायला गेली ती गेली. म्हैस सकाळी एकटी परत आली. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी उपसल्या. एक राहिली, भाऊबंदांच्या मळ्यातली, उंबराची. तिचे झरे जिवंत होते, इंजिन लावलं तर उपसावं तेवढं पुन्हा भरायचं. दोन दिवसांनी इंजिन जळालं. वडील म्हणाले, पुरे झालं आता. आणि आईने पुन्हा कधी त्या विहिरीचं नाव घेतलं नाही.

"तुम्ही तिला गावोगाव फिरवत होतात, तेव्हा आई भाकरी जास्त खायची," दीपक म्हणाला. "मला कळत होतं. मी मुद्दाम मध्ये पडलो नाही."

मी खाली गेले. डोकं कसं चालत होतं सांगते: काहीही कर, साळूला त्या दारातून आत ने, जेवू घाल, आसरा दे आणि संपव. एवढं तर मला यायला हवं. हेच तर मला येत होतं.

मावशी पलंगावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी गाठ सोडली. आठ महिन्यांच्या घामाने ते कापड काळं पडलं होतं. सात दाणे तळहातावर घेऊन त्यांनी मूठ मिटली.

"दार उघडलं," मी म्हणाले. "आणि दारात..."

त्या सप्टेंबरात दारात कोण होतं ते मला पक्कं माहीत होतं. फोन वाजला तेव्हा ते नाव माझ्या जिभेवर होतं. आता तिथे कोणी नव्हतं. मी म्हातारी उभी केली, ती मला खोटी वाटली. मूल उभं केलं, तेही पुसलं गेलं. दुसरं गाव घ्यायला गेले तर गाव येईना. येत होतं ते एकच, नऊ वेळा घासून चकचकीत केलेलं, काना-मात्रेसकट पाठ. पहाटे म्हैस आपण होऊन परत आली. मी ओठ दाबून धरले.

पूजा दारात उभी होती. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, शेतकरी बाई आभाळाकडे बघते तसं, काय येणार ते ओळखत.

"हिरीवर नेलीस तिला," त्या म्हणाल्या.

मला खोटं बोलता आलं असतं. मी मान हलवली.

"उंबराच्या?"

"हो."

"लिवून झालं?"

"हो, मावशी."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझा हात ओढला, सातही दाणे माझ्या तळव्यावर ठेवले आणि माझी बोटं एकेक करून मिटली. "मग हे तू धर. माझा हात लय दुखतो." आणि पूजाला म्हणाल्या, "भाकर हाय का गं?"

त्या अख्खी भाकरी जेवल्या. पूजाला आनंद झाला. मला मात्र त्या जेवण्याची भीती वाटली. लांबच्या कामाला निघालेलं माणूस जेवतं तशा त्या खाली मान घालून जेवत होत्या.

दुसऱ्याच दिवशी दीपक त्यांना घेऊन गावी गेला. सोमवारी सकाळी त्याचा फोन आला.

"आईने ती विहीर उपसायला घेतलीय. भाऊबंद नाही म्हणाले नाहीत, ती विहीर आता कोणी वापरतच नाही, सगळं बोअरवर आहे. यंदा पाणीही खाली आहे. दोन पंप लावलेत, उद्या दुपारपर्यंत तळ लागेल म्हणतात." मग म्हणाला, "ती म्हणते, लतिकाला बोलाव. जिनं ठेवली तिनं काढाया पाहिजे."

मंगळवारी रजा टाकून मी निफाडची एसटी धरली. देवव्रत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. दाणे रुमालात बांधून ब्लाउजमध्ये ठेवले होते. वाटेत संपदाबाईंचा फोन आला. सोमवार उलटून गेला होता, छपाईवाला खोळंबला होता.

"थांबवा," मी म्हणाले.

"लतिकाताई, आता? का?"

"शेवट मी बघितलेला नाही."

त्या काहीतरी समजावत होत्या. मी फोन बंद करून पिशवीत टाकला. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते मी एका वाक्यात वाऱ्यावर सोडलं होतं, आणि मला त्याचं दुःख झालं, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

मळ्यात द्राक्षबागा नुकत्याच छाटलेल्या होत्या. नुसते ओंडके आणि तारा, सावली कशी ती नाही. सावली होती ती फक्त उंबराखाली. मी लिहिला होता तसाच उंबर, तसाच ढासळलेला कठडा, तशाच दोरीच्या खाचा. उंबराखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर कुसामावशी बसल्या होत्या, विहिरीकडे पाठ करून. दोन पंप धडधडत होते आणि हिरवं, कुबट पाणी चारीतून बागेकडे वाहत होतं. दीपक कठड्यावर ओणवा होऊन आत बघत होता. भाऊबंदांपैकी चारपाच माणसं लांब उभी होती.

"दाणे हायेत?"

मी रुमाल सोडला. त्यांनी मोजले, आपल्या मुठीत घेतले. समोरच्या दगडाकडे बोट दाखवलं. "बस. पानी उतरंस्तवर सांग."

"काय सांगू, मावशी?"

"दार कुणी उघाडलं?"

मी दगडावर बसले. त्यांच्या खांद्यावरून मला विहिरीचं तोंड दिसत होतं. ओल्या दगडांचा पट्टा दर थोड्या वेळाने रुंद होत होता. मला काहीही माहीत नव्हतं. पाठ केलेलं पान आठवून बघितलं, तर त्यातलं एक वाक्य धड आठवेना.

"दार एका बाईने उघडलं," मी म्हणाले. "तिच्या हातात पीठ होतं. ती म्हणाली, किती उशीर केलास, भाकरी गार झाली."

"कोण व्हती?"

"साळूला वाटलं, आपल्याला दुसरीच कोणी समजतेय ही. ती म्हणाली, मी तुमची कोणी नाही, मी म्हैस शोधायला आलेय. बाई म्हणाली, इथे येणारी प्रत्येक पोर हेच सांगते. आमच्या गावात म्हशी चाळीस आणि म्हशी शोधायला आलेल्या पोरी एकशे चाळीस. आत ये, पायावर पाणी घे."

मावशींच्या गळ्यातून काहीतरी आलं. मी बघितलं, त्यांनी तोंडावर पदर धरला होता. त्या हसत होत्या. आणि त्या विहिरीपाशी, त्या कुबट वासात, मलाही हसू आलं. आठ महिन्यांत आलं नव्हतं ते आलं. मी सांगत राहिले. त्या पोरींनी गावाच्या पाटलाला म्हशीच्या शेपटीला बांधून फिरवलं ते सांगितलं. साळूला तिखट लागत नाही म्हणून तिच्यापुरता वेगळा रस्सा केला, तेही सांगितलं. गाव संपत आलं की मी वेस ओलांडायचे आणि दुसरं गाव उभं असायचं. कुठूनही, कसंही. साळूला आसरा मिळाला, हे वाक्य मी येऊ देत नव्हते.

मग एका पंपाचा आवाज बदलला. पाणी संपून हवा ओढायला लागला की येतो तो, घरघर. चारीतली धार तुटली. दीपक ओरडला, "बंद करा," आणि दुसरा पंपही थांबला. मळा एकदम गप्प झाला. एक माणूस कंबरेला दोर बांधून पायऱ्या उतरायला लागला. मग तो दिसेनासा झाला, नुसता दोर हलताना दिसत राहिला.

खालून त्याने हाक दिली, "दीपकभाऊ, जरा इकडं या."

दीपक कठड्यावरून आत वाकला आणि तसाच राहिला.

मावशींनी मान वळवली नाही. त्यांची मूठ इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "फुडच्या गावाला काय झालं?"

मी सांगायला लागले.